बाभळीचा पाइप

मुलीचं बाळंतपण करायला बायको पुण्याला गेली, तेव्हा तीन महिन्यांत येते म्हणाली होती. मी तिला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि पुंडलिकनगरला घरी येऊन कुकर लावला. पहिले काही दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोलू? टीव्ही माझा, पंखा माझा. बनियनवर गॅलरीत बसलं तरी ‘लोक बघतात’ म्हणणारं कुणी नव्हतं.

तीन महिने झाले. मुलीची रजा संपली. बाळाला पाळणाघरात ठेवायला तिचं मन धजेना. मग ते बसू लागू दे, मग रांगू लागू दे, मग चालू लागू दे, असं करता करता वर्ष उलटलं. कुणी मुद्दाम काही ठरवलं नव्हतं. बायको तिकडं लागत होती आणि मला इकडं निवृत्तीपर्यंत नोकरी होती, एवढंच.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. जाळीच्या खिडकीआड मी, पलीकडं कामगार. कानस, ड्रिलचे बिट, पॉलिशपेपर, हातमोजे, जे लागेल ते त्यांनी मागायचं आणि मी द्यायचं. उमेदीची सगळी वर्षं हत्यारं वाटण्यात गेली, पण त्यांतलं एकही हत्यार मी कधी कशाला लावलं नव्हतं. घरात खिळा ठोकायचा असला तरी बायकोच ठोकायची.

रोज संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा. पडद्यावर बाळ असायचं. “बघ, आबा बघ. आबांना टाटा कर,” असा मुलीचा आवाज यायचा आणि बाळ छताकडं बघत बसायचं. त्याला धरलेले हात बायकोचे असायचे. कधी बांगड्या दिसायच्या, कधी पदर. चेहरा क्वचित.

“जेवलात का?” पदराआडून आवाज.

“जेवलो.”

“काय केलं होतं?”

“पिठलं.”

“कालबी पिठलंच होतं की.”

“आवडतं मला.”

“बरं, ठेवते. याला झोप आलीय.”

एका शनिवारी ती सगळी जावयाच्या मित्राकडं गेली होती, त्यामुळं कॉल आला नाही. रविवारीही नाही. सोमवारी सकाळी कंपनीच्या गेटवर वॉचमननं नमस्कार केला, तर माझ्या घशातून आवाजच निघेना. खाकरून दोनदा प्रयत्न केला, तेव्हा कुठं ‘नमस्कार’ फुटलं. “सर्दी झाली का साहेब?” तो म्हणाला. मी हो म्हटलं. स्टोअरच्या खुर्चीत बसल्यावर आठवून बघितलं. शनिवारी दुपारी शेवटच्या माणसाला हातमोजे दिले, त्यानंतर मी कुणाशी अक्षरही बोललो नव्हतो.

त्याच आठवड्यात मोबाइलवर तो माणूस दिसला. परदेशातला कुणी म्हातारा, लाकडाच्या ठोकळ्यातून तंबाखू ओढायचा पाइप कोरत होता. तो बोलत नव्हता, मागं गाणं-संगीत काही नव्हतं. नुसते हात दिसायचे. नखांत काळं गेलेलं, एका बोटाला पट्टी. मी तंबाखू खात नाही, सिगारेट कॉलेजात असताना ओढली तेवढीच. तरी तो व्हिडिओ मी रोज संध्याकाळी गॅलरीत बसून बघायला लागलो. पुढं पुढं ते हात ओळखीचे वाटायला लागले. मग एके दिवशी मनात आलं, आपण करून बघावं. पाइप ओढणार कोण, हा विचार तेव्हा शिवलाही नाही.

समोरच्या प्लॉटवर बांधकामासाठी पेरूचं झाड तोडलं होतं. तिथून मनगटाएवढी फांदी उचलून आणली, करवतीनं तिचे तुकडे केले आणि वाळायला गच्चीवर ठेवले. वैशाखातलं ऊन. आठवडाभरात सगळे तुकडे उभे तडकले. एकाच्या भेगेत तर नाणं बसेल एवढी फट. ओलं लाकूड असं उन्हात घालत नाहीत, सावलीत महिनोन्‌महिने ठेवतात, हे नंतर कळलं. जुनं, मुरलेलं लाकूड पाहिजे होतं. तसलं लाकूड कुठं मिळेल याचा विचार करता करता गाव आठवलं.

गाव करमाडच्या पुढं आहे. रविवारी मुकुंदवाडी स्टेशनवरून पॅसेंजर धरली. शेत आता चुलत भाऊ करतो. तो माझ्यापेक्षा लहान, मला दादा म्हणतो. मला अचानक दारात बघून तो घाबरला.

“काय झालं दादा? वहिनी बरी हाय ना?”

“बरी आहे. पुण्यालाच आहे. मला जरा लाकूड पाहिजे होतं.”

“लाकूड? जळाऊ?”

“नाही रे. पाइप करायचाय. तंबाखू ओढायचा.”

“चिलीम?”

“तसंच. पण लाकडाचा असतो.”

“अन् लाकूड जळत नाय का?”

“कठीण असलं तर नाही जळत म्हणतात.”

तो हसायला लागला. “दादा, तू तर कधी विडीलाबी शिवला नाहीस. ह्या वयात हे काय काढलंस?” पण उठला. गोठ्यामागं जुनी बैलगाडी मोडून पडली होती. बैलं विकल्यापासून तिच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. एका चाकाची लोखंडी धाव निघून गेली होती. त्यानं दगडानं ठोकून ठोकून चाकाचा एक आरा मोकळा केला आणि माझ्या हातात दिला.

“घे. बाभूळ हाय. लाकूड नाय, लोखंड हाय हे. हात सांभाळ.”

भावजयीनं भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवताना ती सारखी आतल्या खोलीतून बाहेर, बाहेरून आत करत होती, पोरं भांडत होती, कोंबडं उंबऱ्यावर येत होतं. मी मुद्दाम हळूहळू जेवलो.

“वहिनी कधी येणार?” भावानं विचारलं.

“येईल.”

“मग ऱ्हा की आज. पहाटंच्या गाडीनं जा.”

“उद्या ड्यूटी आहे,” मी म्हटलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. आरा पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. समोरच्या बाईनं विचारलं, “नातवाला बॅट का?” मी म्हटलं, “व्हय.” पुढचा सगळा रस्ता ती तिच्या नातवाबद्दल बोलत होती. मुकुंदवाडीला उतरायचं माझ्या जिवावर आलं.

दुकानातून लाकूड तासायची पटाशी, भोकं पाडायचं गिरमिट, एक गोल कानस आणि पॉलिशपेपर आणले. दुकानदारानं मिस्तरी समजून सूट दिली. गॅलरीत जुनी गोधडी अंथरून मी कामाला बसलो. बाहेरून आरा करडा, भेगाळलेला होता, पण करवत आत गेली तसा त्याचा तांबडा गाभा दिसायला लागला, पिकल्या चिंचेच्या रंगाचा. मुठीएवढा तुकडा कापायलाच दोन संध्याकाळी गेल्या. दंड भरून आले. रोज कानशी देतो त्या पोरांचे हात एवढे राकट का असतात, याचा विचार मी पहिल्यांदा केला.

पाइपला दोन भोकं लागतात. एक वरून, रुंद, तंबाखू भरायला. दुसरं आडवं, बारीक, ओढायला. बारीक भोकानं रुंद भोकाच्या अगदी बुडाशी जाऊन मिळायचं असतं. व्हिडिओत म्हातारा हे काम यंत्रावर चुटकीसरशी करायचा. माझ्याकडं गिरमिट होतं. वरचं भोक कसंबसं झालं. आडवं भोक पाडायला लागलो तर ते भलतीकडंच चाललं. काडी घालून मोजायचो, पेन्सिलीनं बाहेरून रेघ मारायचो, पुन्हा फिरवायचो. कित्येक संध्याकाळी फुंकर मारून बघितली, हवा जाईना. शेवटी एकदा गिरमिट हातात एकदम हलकं झालं. मी काढून फुंकर मारली आणि समोरून भुसा उडून थेट माझ्या डोळ्यांत गेला.

“अगं, झालं बघ!” मी ओरडलो. डोळे मिटलेले, तोंड स्वयंपाकघराकडं. डोळे चोळून उघडले, तेव्हा ओट्यावर सकाळचा कप तसाच होता. मला फार वेड्यासारखं वाटलं. मी कप धुऊन ठेवला आणि त्या दिवशी पुढं काम केलं नाही.

भोक वाकडं गेलं होतं, एका बाजूची भिंत पातळ झाली होती. पण हवा जात होती. आता बाहेरून गोलाई द्यायची होती. रविवारी दुपारी पाइप डाव्या हातात धरून पटाशीनं कोपरे उतरवत होतो. बाभळीची गाठ आली, पटाशी अडली, मी जोर लावला आणि ती सटकून अंगठ्याच्या खाली तळव्यात घुसली. आधी दुखलंच नाही. गोधडी लाल व्हायला लागली तेव्हा कळलं.

पंचा गुंडाळून खाली आलो. समोरचे, शेजारचे सगळे झोपलेले, नाहीतर कूलर लावून दारं बंद करून बसलेले. कोपऱ्यावर एक रिक्षा मिळाली. रिक्षावाल्यानं आरशातून हाताकडं बघितलं.

“चाचा, ये क्या कर लिये?”

“लकडी काट रहा था.”

“घर में कोई नै क्या?”

“नहीं.”

“लेडीज लोगां?”

“पूना गये.”

त्यानं रिक्षा खड्डे चुकवत चुकवत चालवली. गारखेड्यातल्या एका दवाखान्यात उतरलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पंचा सोडून बघितला आणि टाके घालावे लागतील म्हणाल्या. नर्सनं नाव, वय लिहून घेतलं आणि विचारलं, “सोबत कोण आलंय?”

“कुणी नाही.”

“बाहेर कुणी थांबलंय का? गोळ्या आणायला सांगायच्यात.”

“मीच आणतो.”

“टाके घालून झाल्यावर चक्कर येईल काका. कुणाला तरी फोन करून बोलवा.”

मी चांगल्या हातानं खिशातून मोबाइल काढला. नावं वरखाली केली. कंपनीतली माणसं होती, भाऊ होता, गॅसवाला होता, मुलगी होती, बायको होती. या शहरात मी तीसेक वर्षं राहतोय. रविवारी दुपारी ‘ये’ म्हणता येईल असं एकही नाव सापडेना. नर्स उभीच होती. “येतोय एकजण,” मी म्हटलं आणि फोन खिशात ठेवला. टाके घालताना मी भिंतीकडं बघत राहिलो. सुई टोचली त्यापेक्षा ते नावं वरखाली करणंच जास्त लागलं होतं.

संध्याकाळी कॉल आला तेव्हा बांधलेला हात मी मांडीखाली घेतला. पुण्याला सांगून काय होणार होतं? मुलगी घाबरली असती, बायकोला ना तिकडं राहवलं असतं ना इकडं येता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी बाळ टाटा करत असताना पडदा एकदम हलला आणि बायकोचा अख्खा चेहरा समोर आला.

“तुमचा दुसरा हात कुठंय?”

“का?”

“परवापासून एकच हात दिसतोय. दाखवा.”

मी दाखवला. मागून मुलगी ‘काय झालं, काय झालं’ करत होती.

“कशानं?”

“पटाशी लागली.”

“पटाशी कशाला घेतली होती?”

“पाइप करत होतो.”

“नळाचा? अहो, प्लंबर मेला होता का? मला फोन करायचा, मी पाठवला असता ना इथून.”

“नळाचा नाही. तंबाखूचा.”

ती बाळ मुलीच्या हातात देऊन फोन घेऊन बाहेर आली. दार लावल्याचा आवाज आला. ती जिन्यात बसली होती. मागं पांढऱ्या भिंतीवर कुणीतरी खडूनं चेंडू काढला होता.

“तंबाखू ओढायला लागलात?”

“नाही गं. वेळ जाईना म्हणून करत होतो.”

“वेळ जाईना, हे मला कधी सांगितलं नाय तुम्ही. रोज विचारते. रोज पिठलं सांगता.”

“तू कुठं बोलतेस? बाळ असतं समोर.”

“दाखवायला बाळच हाय माझ्याकडं. माझं काय दाखवू?” ती भिंतीला टेकली. “दोघं सकाळी जातात, अंधार पडल्यावर येतात, आल्यावर लॅपटॉप. चांगली हायेत पोरं, जीव लावतात. पण दिवसभर मी कुणाशी बोलू? दुपारी बाळ झोपलं की इथंच जिन्यात येऊन बसते. जाता-येता कुणी काकू म्हटलं तर बरं वाटतं. इथं लोक लिफ्टनं जातात, जिन्यात कोण येतंय?”

मला तिकडं गर्दी वाटायची. लेक, जावई, नातू, सगळं भरलेलं. ती जिन्यात बसत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात जावयाची आई बाळाला सांभाळायला आली आणि बायको आठ दिवसांसाठी घरी आली. दारातून ती सरळ गॅलरीत गेली. लाकडाचा भुसा, छिलके, रक्त लागलेली गोधडी. मला वाटलं आता झाडू घेईल. ती खाली बसली आणि पाइप हातात घेऊन फिरवून बघितला.

“हे तुम्ही केलं?”

“वाकडा झालाय.”

“असू द्या. मला वाटलं नव्हतं एवढं जमेल.”

ओढायच्या नळीसाठी मी बुरडाकडून बांबूची बारीक कांडी आणली होती, पण ती सैल बसत होती. तिनं शिवणाच्या डब्यातला दोरा काढला, कांडीला घट्ट वेढे दिले, थुंकी लावून ओला केला आणि दाबून बसवली. हलेना. टाके काढलेल्या हातानं मी शेवटचा पॉलिशपेपर घासला, ती खोबरेल तेलाचं बोट फिरवत गेली. बाभूळ काळसर तांबूस चमकायला लागली. मग टपरीवरून विड्यांचं बंडल आणून, विड्या सोडवून त्यातली तंबाखू भरली आणि मी काडी ओढली. पहिल्याच झुरक्याला कडू लाळ घशात गेली, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं.

“आणा इकडं,” ती म्हणाली.

मी गंमत समजलो. तिनं पाइप घेतला, पदर सावरला आणि शांतपणे ओढला. नाकातून धूर निघाला. खोकली नाही.

“माझी आजी चिलीम ओढायची. निखारा ठेवून, दोन झुरके मारून पेटवून मीच द्यायचे. घरात माहीत नव्हतं कुणाला.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“कधी विषय निघाला?” ती हसली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिची आजी माझ्या घरात पहिल्यांदाच आली होती. त्या संध्याकाळी ती आजीबद्दल बोलत होती, मी ऐकत होतो. भात लागून गेला तरी कुणाला पत्ता नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून ती डबे भरायला लागली. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी. प्रत्येक डबा म्हणजे ती नसल्याचे दिवस होते, ते दिसत होतं मला. पाचव्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. बाळाला ताप होता, ते जावयाच्या आईकडं राहत नव्हतं, रडून रडून लाल झालं होतं. बायको फोन ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

“जाऊ का?”

नको म्हणावंसं वाटलं. एकदा म्हणून बघावं असं फार वाटलं. पण फोनमधून आलेलं ते रडणं मीही ऐकलं होतं.

“जा. मी बॅग भरतो.”

बसस्थानकावर बस लागलेलीच होती. खिडकीत बसून ती म्हणाली, “हात ओला करू नका.” जखम तोवर भरली होती. मी “बरं” म्हटलं. बस क्रांती चौकाच्या दिशेनं वळली तरी मी फलाटावरच उभा होतो. एका कंडक्टरनं विचारलं, “कुठं जायचंय?” मी म्हटलं, “कुठंच नाही.”

त्या संध्याकाळी घर आधीपेक्षा रिकामं वाटलं. आधी निदान तिकडं सगळं भरलेलं आहे, अशी समजूत होती. मी उरलेली तंबाखू भरून पाइप पेटवला. या वेळी खोकला कमी आला. थोड्या वेळानं बोटांना चटका बसला. भिंत पातळ झाली होती तिथं काळा डाग पडला होता, बघता बघता त्यातून बारीक धूर यायला लागला. घाईत मी तो पाण्याच्या बादलीत बुडवला. सकाळी बघितलं, तर पाइप वरपासून खालपर्यंत चिरला होता. तो फेकून दिला. दोरा गुंडाळलेली कांडी तेवढी काढून ठेवली. आरा बराच शिल्लक आहे. दुसरा तुकडा कापून ठेवलाय, पण अजून हात लावलेला नाही.

मात्र एक झालं. बाळाचा ताप उतरल्याचं सांगायला तिनं दुपारी फोन केला. साधा फोन, चित्र नसलेला. माझी जेवणाची सुट्टी होती, बाळ झोपलं होतं. दुसऱ्या दिवशीही त्याच वेळेला आला. आता रोज येतो. संध्याकाळचा कॉल बाळाचा, हा आमचा. ती जिन्यात बसून हळू आवाजात बोलते, बाळ उठू नये म्हणून. मग मीही स्टोअरमध्ये बसून हळूच बोलतो, माझ्याकडं कुणी झोपलेलं नसताना. जाळीपलीकडून कामगार बघतात आणि एकमेकांना खुणा करतात. बोलण्यात काही विशेष नसतं. भाजी काय मिळाली, खालच्या मजल्यावरच्या बाईनं ‘काकू’ म्हटलं की नाही. कधी येणार, हे मी विचारत नाही. दिवाळीनंतर बघू, असं ती एकदा आपणहून म्हणाली होती, तेवढंच.

काल बोलता बोलता तिचं बोलणं थांबलं. बाळ रात्रभर जागं होतं, तिला बसल्या बसल्या झोप लागली होती. श्वास ऐकू येत होता, मधेच लिफ्टची घंटा. फोन कानाला लावून मी डबा खायला लागलो. खिडकीशी एकजण हातमोजे मागायला आला, त्याला मी हातानंच थांब म्हणून सांगितलं.